घाटावर, घाटाखाली : औषधांचा त्रास आणि बुलढाण्याचे ताट

बुलढाणा जिल्ह्यात कोणी आपले गाव सांगू लागले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्यातून आडवी गेली आहे आणि तिने १३ तालुक्यांचे दोन भाग केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा आणि देऊळगाव राजा. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर. वरची हवा तुलनेने थंड, शिवारात सोयाबीन आणि तूर. खाली पूर्णेच्या खोऱ्यातील काळीभोर सपाट जमीन, कापूस आणि वैशाखात अंगाची काहिली करणारे ऊन.

वाचकहो, या जिल्ह्यातून लोणारपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत आपण जाऊ या. परंतु एक प्रश्न सोबत घेऊन. घरात कोणाचे तरी औषध चालू असते. आजार आटोक्यात येतो, पण पोटात जळजळते, जुलाब लागतात, खोकला येतो, तोंडाची चव जाते. मग घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘गोळ्या गरम पडल्या, काहीतरी घरगुती द्या.’ हे ‘काहीतरी’ नेमके काय, ते कधी द्यावे आणि कधी देऊ नये, हा तो प्रश्न होय. आपल्या वैद्यकपरंपरेत ‘अनुपान’ हा शब्द फार जुना आहे. औषध कशाबरोबर घ्यावे यालाही आपल्या पूर्वजांनी औषधाइतकेच महत्त्व दिले होते. आज गोळी बदलली, अनुपानाचा विचार मात्र मागे पडला. बुलढाण्याच्या वाटेवर तो पुन्हा जागा करता येतो, कारण इथल्या माती-पाण्याने आणि अन्नानेच त्याचे धडे समोर मांडून ठेवले आहेत.

लोणार : खारा तलाव आणि खाण्याचा सोडा

लोणारच्या काठावर उभे राहिलात की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते प्रचंड वर्तुळ एका नजरेत मावत नाही. उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात हे विवर तयार झाले. विष्णूने लवणासुराचा वध केला तो याच जागी, अशी आख्यायिका आहे आणि गावातील दैत्यसूदनाचे शिल्पसमृद्ध मंदिर तिची आठवण देत उभे आहे. काठावर धारेचे गोडे पाणी अखंड वाहते आणि काही पावले खाली उतरताच तलावाचे पाणी खारट आणि अत्यंत क्षारयुक्त लागते. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्यास कारण असल्याचे निष्पन्न झाले. त्याच वर्षी या सरोवराला रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. पूर्वी या तलावातून खार काढला जाई आणि तो व्यापारात दूरवर जाई.

खार म्हटला की आपल्या स्वयंपाकघरातील खाण्याचा सोडा आठवतो. सांधेदुखीची किंवा अन्य कोणती गोळी घेऊन छातीत जळजळू लागले की चिमूटभर, कधी चमचाभर सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय पुष्कळ घरांत आहे. जळजळ क्षणभर शमते हे खरे. परंतु एका लहान चमचाभर सोड्यात सुमारे सव्वा ग्रॅम सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसभरात २ ग्रॅमपेक्षा कमी सोडियमची शिफारस केली आहे. म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा निम्म्याहून अधिक वाटा पोटात जातो. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने हा उपाय नित्य करणे म्हणजे एका गोळीचा त्रास शमवताना दुसऱ्या गोळीचे काम बिघडवणे होय. शिवाय जठरातील आम्लता घटली की लोहाच्या गोळीचे शोषण कमी होते. आणि जठरात न विरघळता पुढे आतड्यात विरघळावे म्हणून ज्या गोळ्यांवर विशेष आवरण दिलेले असते, त्या वेळेआधीच उघडू शकतात.

मग जळजळीवर काय करावे? प्रथम, ती कोणत्या गोळीने होते हे पाहावे. वेदनाशामक गोळी असेल तर ती रिकाम्या पोटी घेतली जात नाही ना, हे तपासावे. जेवणात काही दिवस ठेचा, तर्री आणि तळण बंद ठेवावे, रात्रीचे जेवण झोपण्याच्या दोन-तीन तास आधी उरकावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांना सांगावे. गोळी बदलणे किंवा पोटाच्या रक्षणासाठी सोबत दुसरी देणे त्यांच्या हाती असते. शौच डांबरासारखी काळी होऊ लागली किंवा उलटीत रक्त दिसले, तर कोणत्याही घरगुती उपायाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मेहकर-चिखली : सोयाबीनच्या शिवारातून

लोणारहून मेहकरला आलात की पैनगंगेचे पात्र भेटते आणि शारंगधर बालाजीच्या सुंदर मूर्तीचे दर्शन घडते. येथून चिखलीकडे जाताना पावसाळ्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीनचे हिरवे शेत संपता संपत नाही. हे पीक इथल्या शेतकऱ्याच्या प्रपंचाचा आधार आहे. आता त्याचे पीठ पोळीच्या कणकेत आणि त्याच्या वड्या भाजीत आल्या आहेत. प्रथिनांसाठी ते उत्तमच. परंतु घरात कोणी थायरॉईडची, म्हणजे थायरॉक्सिनची गोळी घेत असेल तर एक नियम लक्षात ठेवावा. ही गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा ते एक तास चहा, कॉफी, न्याहारी काहीही घेऊ नये. सोयाबीनचे पदार्थ या गोळीचे शोषण कमी करतात. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तर तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. सोयाबीन सोडण्याची गरज नाही. ते गोळीच्या वेळेपासून लांब आणि रोज साधारण सारख्याच प्रमाणात असावे, एवढेच.

याच गावांतील घराघरांत रक्तवाढीसाठी लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या गर्भवती आणि मुली आहेत. गोळीने मळमळते, बद्धकोष्ठ होते, शौच काळी होते, म्हणून ती मध्येच सोडली जाते. लोहामुळे शौच काळसर होणे अपेक्षित असते, त्यास घाबरू नये. मळमळ फार असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थोडे खाऊन किंवा रात्री झोपताना घेता येते. मात्र तिच्या मागेपुढे तासभर चहा नको, कारण चहातील घटक लोहाला बांधून ठेवतात. लिंबूपाणी, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घ्यावयाचे असेल तर ते कोणत्याही गोळीच्या दोन तास आधी किंवा नंतर, आणि भरपूर पाण्याबरोबर. अन्यथा ते औषधालाच आपल्या चिकट थरात गुंडाळून ठेवते.

बुलढाणा : थंड हवा, कोरडा खोकला

बुलढाणा शहर डोंगराच्या माथ्यावर वसले आहे. भिल्लांचे ठाणे, ‘भिलठाणा’, यावरून त्याला हे नाव पडले असे सांगतात. विदर्भातील अन्य शहरे उन्हाने तापत असताना इथली संध्याकाळ सुखद असते. हिवाळ्यात मात्र खोकल्याचा हंगाम येतो आणि घरोघरी काढ्याचे पातेले चुलीवर चढते.

रक्तदाबावरील एनालाप्रिल, रॅमिप्रिल या वर्गातील गोळ्यांनी काही जणांना कोरडा, घशात खाजवणारा, हटवादी खोकला येतो. तो सर्दीचा नसतो, गोळीचा असतो. घरच्यांना ते ठाऊक नसते. मग ज्येष्ठमधाची कांडी चघळायला दिली जाते, काढ्यात त्याची पूड पडते. ज्येष्ठमध घशाला सुखावतो, यात संशय नाही. परंतु दीर्घकाळ आणि अधिक प्रमाणात घेतल्यास तोच ज्येष्ठमध शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतो, रक्तदाब वाढवतो आणि पोटॅशियम घटवतो. ज्यांना सोबत लघवी वाढवणारी गोळी चालू आहे त्यांचे पोटॅशियम तर आणखी खाली जाते. स्नायू दुबळे होतात, हृदयाची लय बिघडू शकते. दोष ना गोळीचा, ना ज्येष्ठमधाचा. त्या दोघांची एकमेकांशी ओळख करून न दिल्याचा तो परिणाम आहे. डॉक्टरांना ‘ही गोळी सुरू झाल्यापासून खोकला आहे’ एवढे एक वाक्य सांगितले, तर बहुतेक वेळा त्याच कामाची दुसऱ्या वर्गातील गोळी मिळते आणि खोकला काही आठवड्यांत जातो.

थंडीतील तापासाठी प्रतिजैविक औषधे घेतल्यावर अनेकांना पातळ शौच होऊ लागते. यावर वऱ्हाडातील ताजे, पातळ ताक हा चांगला सोबती आहे. आतड्यातील उपयुक्त जीवाणू प्रतिजैविकांनी मारले जातात. दही-ताकातील जीवाणूंनी पोटाला काहीसा आधार मिळतो. पण वेळ पाहावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे दुधातील कॅल्शियमशी बांधली जातात आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून दूध, दही, ताक यांच्यात आणि या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. ॲमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांची एकत्र गोळी मात्र जेवणाबरोबर घेतली तर पोटाला कमी त्रास देते. सर्व प्रतिजैविकांना एकच नियम नाही, म्हणून औषध घेतानाच दुकानदाराला विचारावे : उपाशीपोटी की जेवणानंतर, दुधासह की दुधाविना?

जुलाब अधिक असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. हे माप बदलू नये. शौचात रक्त पडले, ताप चढला किंवा लघवी कमी झाली, तर ताक-पाण्यावर विसंबून राहू नये.

बोथ्याचा घाट : झाडावर चढलेली गुळवेल

बुलढाण्याहून खामगावला बोथामार्गे उतरताना रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. सागाच्या आणि सालईच्या रानात एखाद्या झाडावर हृदयाच्या आकाराची पाने असलेला वेल चढलेला दिसेल. गुळवेल कडुनिंबावर चढलेला असेल तर अधिक गुणकारी, अशी श्रद्धा आहे. करोनाच्या साथीत हा वेल घराघरांत पोहोचला आणि ‘शक्तीसाठी’ म्हणून महिनोन्महिने त्याचा काढा घेतला गेला.

त्याच काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा झालेली आढळली. त्यांनी ती निरीक्षणे २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीच्या वेलीशी गल्लत होऊ शकते, याकडेही लक्ष वेधले. हा वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. कुटुंबाने त्यातून घ्यावयाचा बोध मात्र सोपा आहे : यकृतावर आधीच भार टाकणारे औषध चालू असेल, तर त्यावर दुसरा भार विचारल्याविना टाकू नये.

असे सर्वांत महत्त्वाचे उदाहरण क्षयरोगाचे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. पहिल्या आठवड्यांत मळमळ होते, भूक मरते, रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी-लालसर होते. नारिंगी लघवी निरुपद्रवी असते. मळमळ होत असेल तर गोळ्यांची वेळ बदलणे किंवा थोड्या अन्नासह घेणे शक्य आहे का, हे उपचार केंद्रात विचारावे. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून ब-६ जीवनसत्त्व दिलेले असते, ते टाळू नये. दारू पूर्ण वर्ज्य. पण डोळे पिवळे झाले, लघवी गडद तपकिरी झाली, सतत उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ‘गोळ्या गरम पडतात’ म्हणून आपल्या मनाने त्या थांबवून काढा सुरू करणे फार महागात पडते. अर्धवट उपचारातून औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवतो आणि तो घरातील मुलांपर्यंत पोहोचतो.

शेगाव : झुणका-भाकर, वारी आणि गव्हाचा प्रश्न

घाट उतरून खामगावच्या चांदीच्या आणि कापसाच्या बाजारपेठेतून पुढे गेलात की शेगाव येते. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्री गजानन महाराज येथे प्रथम दिसले आणि ८ सप्टेंबर १९१० रोजी त्यांनी समाधी घेतली, हे प्रत्येक भक्ताला मुखोद्गत असते. महाराजांना प्रिय असलेली झुणका-भाकर भक्त आजही नैवेद्याला ठेवतात. स्थानकापाशी उतरणाऱ्या प्रवाशाला कचोरीचा वासही ओळखीचा असतो. आजारातून उठलेल्याने भाकरीची वाट धरावी, कचोरी काही आठवडे पाहून घ्यावी.

शेगावला पायी येणारे वारकरी पुष्कळ. तापलेल्या रस्त्यावर दिवसभर चालून गुडघे दुखतात, मग रात्री डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन. पाणी कमी पडलेले, गुरुवारचा किंवा एकादशीचा उपवास आणि त्यावर ही गोळी, असा संयोग होतो. जठराचे अस्तर जपणारी आणि मूत्रपिंडाकडे रक्ताचा ओघ राखणारी काही द्रव्ये शरीर स्वतः तयार करते. वेदनाशामक गोळी वेदनेबरोबर त्यांनाही अडवते. शरीरात पाणी कमी असताना आणि रक्तदाबाची व लघवीची गोळीही चालू असताना मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचा धोका म्हणूनच वाढतो. मधुमेही वारकऱ्याने उपवास करण्याआधी गोळ्यांचे काय करावे हे डॉक्टरांना विचारून निघावे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर कारल्याचा रस किंवा मेथीचे दाणे भरीला घातले तर साखर एकाएकी खाली येऊ शकते. घाम, थरथर, घाबरे होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी तीन-चार चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. तो क्षण उपवास पाळण्याचा नव्हे.

शेगाव तालुक्याने अलीकडे अन्नाविषयी साऱ्या महाराष्ट्राला विचार करायला लावले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले; काहींना काही दिवसांतच टक्कल पडले. प्रारंभी पाण्यावर आणि बुरशीच्या संसर्गावर संशय होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत आले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः तपासण्या करवून घेतल्या. १८ गावांतील २७९ जणांना हा त्रास झाल्याचे त्यांनी नोंदवले आणि रुग्णांनी खाल्लेल्या शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण फार अधिक, तर रुग्णांच्या शरीरात जस्ताचे प्रमाण कमी असल्याचे निष्कर्ष मांडले. पुढे काहींची नखेही ठिसूळ होऊन गळाली.

सेलेनियम हे विष आहे का? अल्प प्रमाणात ते शरीराला आवश्यकच असते. ‘नैसर्गिक पोषण’ म्हणून त्याच्या गोळ्याही विकल्या जातात. जमिनीतून धान्यात आणि धान्यातून ताटात येणारे हे मूलद्रव्य मर्यादा ओलांडताच केस आणि नखे घेऊन जाते. निसर्गातून आलेले म्हणजे निरुपद्रवी, या समजुतीला याहून ठळक उत्तर काय असावे? औषधामुळे केस गळत असतील, तर कोणी सांगितले म्हणून सेलेनियमची किंवा जस्ताची गोळी आपल्या मनाने सुरू करू नये. जस्त सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधाचे शोषण घटवते आणि दीर्घकाळ अधिक घेतल्यास शरीरातील तांबे कमी करते.

संग्रामपूर-जळगाव जामोद : खारे पाणी, जपायची मूत्रपिंडे

शेगावहून उत्तरेकडे पूर्णा ओलांडली की सातपुड्याची निळी रेषा दिसू लागते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्याचा हा भाग. येथील भूगर्भातील पाणी खारट आहे. अनेक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या ते प्यायले आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी या पट्ट्यातील कित्येक घरे पोळली. आता वान धरणावरून नळयोजनेचे पाणी येते, तरी आजाराचे भय घराघरांत आहे.

या गावांत औषध आणि आहार यांचे नाते सर्वांत नाजूक होते. मूत्रपिंडे दुबळी असली की औषध शरीराबाहेर जायला वेळ लागतो आणि दुष्परिणाम लवकर दिसतात. वेदनाशामक गोळ्या येथे सर्वांत घातक. सांधेदुखीवर ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांपासून सावध राहावे. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड, वेदनाशामक औषधे किंवा जड धातू मिसळलेले आढळले आहेत. पुडीने दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, तर तो आनंदाचा नव्हे, संशयाचा विषय मानावा.

अशक्तपणावर नारळपाणी, केळी आणि फळांचा रस देण्याची आपली रीत आहे. जुलाबाने थकलेल्या निरोगी माणसाला ती मानवते. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी गोळी चालू असेल, तर शरीरात पोटॅशियम साचते आणि या पदार्थांनी ते आणखी वाढते. ‘कमी सोडियमचे’ म्हणून मिळणाऱ्या मिठात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, हे वेष्टनावर वाचून घ्यावे. मीठ कमी करायचे तर कमीच करावे. दुसऱ्या मिठाने त्याची जागा भरू नये.

सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा दिसतील. कोलेस्टेरॉलवरील काही गोळ्यांच्या पत्रकावर ग्रेपफ्रूट टाळण्याची सूचना असते आणि कोणी त्याचा अर्थ द्राक्ष, तर कोणी संत्रे असा लावतो. ग्रेपफ्रूट हे पपनसाच्या कुळातील फळ आहे. ते मुख्यतः आतड्यात औषध मोडणाऱ्या विकराला अडवते, त्यामुळे औषधाची रक्तातील पातळी चढते. अशा गोळीवर पपनसही टाळावे. आपले नागपुरी संत्रे त्या दोषात येत नाही. पोटॅशियमचे बंधन नसेल तर ते खुशाल खावे.

बरे होणाऱ्याचे ताट

या प्रवासात वऱ्हाडाच्या घरातील साधे ताट आपल्याला वारंवार भेटते आणि आजारातून उठणाऱ्या बहुतेकांना तेच मानवते. ताकात शिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, मऊ मुगाची खिचडी, पातळ वरण, ज्वारीची ताजी भाकरी, दुधीची किंवा दोडक्याची भाजी. दिवसातून तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान घास. तोंडाला धातूची चव येत असेल तर जेवणाआधी चूळ भरून लिंबाची फोड चोखावी. मळमळीवर आल्याचा लहान तुकडा चालतो. फोडणीतली हळद, लसूण, मिरी यांना भिण्याचे कारण नाही. त्यांचेच अर्क काढून केलेल्या कॅप्सूल मात्र वेगळी गोष्ट आहे. मिरीतील पायपरीन काही औषधांची रक्तातील पातळी वाढवते, लसणाचा अर्क ॲस्पिरिनबरोबर रक्तस्रावाची शक्यता वाढवतो. वॉर्फरिन घेणाऱ्याने मेथी, पालक, अंबाडी या पालेभाज्या पूर्ण बंद करू नयेत आणि एकदम ढीगभरही खाऊ नयेत. त्यांतील के जीवनसत्त्व रोज साधारण सारखे राहिले की डॉक्टरांना गोळीची मात्रा नीट बसवता येते.

शेवटी एक छोटे काम. घरातील प्रत्येक रुग्णासाठी वहीचे एक पान करा. त्यावर सर्व गोळ्यांची नावे, त्या घेण्याच्या वेळा आणि त्याखाली घरगुती म्हणून जे जे दिले जाते ते सारे लिहा : काढा, चूर्ण, रस, सोडा, इसबगोल, टॉनिक. नवा त्रास सुरू झाला त्या दिवसाची तारीख टाका. डॉक्टरांकडे जाताना हे पान पुढे करा. वैद्यांकडे जातानाही तेच पान न्या. औषधाने विपरीत परिणाम झाल्यास त्याची नोंद नागरिकांनाही करता येते. भारत सरकारच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाची त्यासाठी १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. आपल्या एका नोंदीने दूरच्या एखाद्या गावातील रुग्णाचा त्रास टळू शकतो.

आणि संग्रामपूरहून परतताना वाटेतील एखाद्या घरी कोणी प्रेमाने काढ्याचा पेला पुढे केला, तर नाही म्हणण्याआधी एवढेच विचारा, ‘यात काय काय घातले आहे, मावशी?’ त्या आनंदाने सांगतील. उत्तर वहीच्या पानावर लिहून घ्या, आणि सध्या औषध चालू असेल तर पेला हात जोडून परत द्या.